साळुंकीच्या नावावर एक बकरी

२ ऑगस्ट

मनू,

फोन करू नकोस, फोनवर तू रडतेस आणि मग मला काही सुचत नाही, जे काय असेल ते लिहून कळव, असं तू म्हणालीस. म्हणून लिहिते आहे. कागदावर रडले तरी तुला ऐकू यायचं नाही, तेवढी सोय.

तुला राहायला क्वार्टर मिळालं हे वाचून बरं वाटलं. दोन खोल्या, वर गच्ची, हॉस्पिटल चालत जाण्यासारखं. सहामाही संपली की साळुंकीला न्यायला येणार, तिकडच्या शाळेशी बोलणं झालंय, हेही वाचलं. बरं. पोरगी तुझी, तू नेणार. दोन वर्षांपूर्वी तिला माझ्याकडे ठेवून जाताना तू म्हणाली होतीस, "बस्तान बसेपर्यंत गं, आई." आणि मी म्हणाले होते, "तोवर हिला आईची सवय राहायची नाही." ते अजून तुझ्या मनातून गेलेलं नाही. गेलं असतं तर फोन चालला असता.

असो. इकडची गंमत सांगते.

मोठ्या बाईंनी मला शाळेत परत बोलावलंय. ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा नारळासारखं हातात घड्याळ दिलं होतं, आता म्हणतात घड्याळ बघून या. शाळेत एक नवं सॉफ्टवेअर आलंय, मुलांची वर्तणूक टिपून ठेवणारं. प्रत्येक मुलाचं त्यात एक पान. चांगलं वागलं की हिरवी नोंद, वाईट वागलं की लाल. शिकवायला कंपनीची एक बाई येऊन गेली. इतकं भराभर बोलली की पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवून थांबवायचं तेवढं बाकी ठेवलं. ती गेली आणि सगळे शिक्षक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही कुणाकडे शिकायला गेला होतात?"

म्हटलं, "कुणाकडे जाणार? बटणं दाबत गेले."

"मग यांनाही दाबायला शिकवा."

तर मी आता शिक्षकांची शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या लांब टेबलावर वर्ग भरतो. गणिताचे सर एका बोटाने बटण असं दाबतात जशी दारावरची बेल, आणि मागे सरकून बघतात, कोणी उघडतंय का. चित्रकलेच्या बाई माऊसला हातच लावत नव्हत्या. म्हणाल्या, "मोडलं तर?" म्हटलं, "ब्रश मोडत नाही ना तुमच्याकडून?" तेव्हा लावला.

सराव करायचा तर कुणाचं तरी नाव लागतं, नावाशिवाय पान उघडत नाही. पीटीचे सर म्हणाले, "आठवीतल्या त्या दांडगोबाचं घ्या. त्याच्या खात्यात एवढं आहे, आणखी थोड्याने काय बिघडणार?" मला ते पटलं नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या नावाने खेळ कशाला? म्हटलं, "माझ्या नातीचं घ्या. घरचं माणूस आहे, राग मानायची नाही."

मग काय विचारता! जो तो तुटून पडला. गणिताच्या सरांनी 'गृहपाठ केला नाही' टाकलं. तिसरीला ते शिकवतसुद्धा नाहीत. चित्रकलेच्या बाईंनी 'फळ्यावर शिक्षकांचं चित्र काढलं' लिहिलं आणि पुढे 'चित्र बरं होतं' जोडलं. पीटीच्या सरांना 'इतर' असा एक रकाना सापडला. त्यात त्यांनी लिहिलं, 'वर्गात बकरी आणली.' वर विचारतात, "किरकोळमध्ये टाकू की गंभीरमध्ये?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बकरीने काही खाल्लं का, त्यावर आहे." गंभीरमध्ये टाकली. साळुंकीच्या वर्गशिक्षिका पोटुशी आहेत, त्या तर पोट धरून हसत होत्या. हसता हसता त्यांनीही काहीतरी टाकलं.

मी सगळ्यांना सांगून टाकलं, "मनसोक्त लिहा, सरावाचं आहे, रात्रीत आपोआप पुसलं जातं."

साळुंकीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या कानावर गेलं तर शाळाभर बकरी होईल. तिची वटवट आहे तशीच आहे. झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असते.

जेवत जा वेळेवर.

तुझी आई


२९ ऑगस्ट

मनू,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तिकडच्या शाळेला मागचा निकाल आणि वर्तनपत्रक हवंय, लवकर पाठव, एवढंच लिहिलंस. तब्येतीचं काही नाही, खोल्यांचं काही नाही. मी विचारलं होतं, गच्चीला कठडा आहे का? ते तरी लिहायचंस.

दोन्ही कागद शाळेच्या टपालाने काल गेले.

सॉफ्टवेअर आता सगळ्या वर्गांत सुरू झालंय. शिक्षक शिकले. जरा गडबडी होतात मशीनमध्ये, नवी गोष्ट आहे, व्हायच्याच. कंपनीला फोन केला तर गाणं ऐकवतात.

साळुंकीच्या वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी नवीन बदली बाई आल्या आहेत. शिस्तीच्या आहेत, वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते. साळुंकी हल्ली दाराजवळच्या बाकावर बसते. तिथे वारा छान येतो.

बडबड थोडी कमी झालीय तिची. शहाणी होतेय, दुसरं काय.

मला मात्र हल्ली पाय दुखण्याचा त्रास फार. घर खायला उठेल असं वाटतं ती गेल्यावर. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही.

आई


२७ सप्टेंबर

मनू,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

तिकडच्या शाळेने नाही म्हटलं. अशा मुलीला वर्षाच्या मध्ये घेता येणार नाही, पुढच्या वर्षी पत्रक सुधारलं तर बघू, असं म्हणाले. तू त्यांच्या ऑफिसात ड्यूटीच्या कपड्यांतच उभी होतीस, आणि समोरच्या माणसाने पत्रक तुझ्याकडे फिरवून लाल आकड्यावर बोट ठेवलं. तू मला विचारलंस, "आई, काय केलंय तिने? तू शाळेत असतेस, तुला माहीत असणार. मला का नाही कळवलंस?"

काय सांगू? मुलं बदलतात. घरात एक असतात, शाळेत एक. आई जवळ नसली की मुलं तो राग कुठेतरी काढतातच ना? मी काही तुला दोष देत नाही. पण दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

मला विचारशील तर एवढं वर्ष इथेच राहू दे तिला. पत्रक सुधारेल. मी आहे. तुझ्या रात्रपाळ्या, तिथे तिला बघणार कोण? देवाने जे केलं ते बऱ्यासाठीच केलं असेल.

जास्त विचार करू नकोस.

आई


१० ऑक्टोबर

मनू,

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

माझं मागचं पत्र फाडून टाक, असं लिहिणार होते. पण नको, ठेव. तुझी आई काय काय लिहू शकते ते तुझ्याजवळ राहू दे. देवाला मध्ये घातलं मी. देवाने काहीसुद्धा केलेलं नाही. मी केलंय.

आता क्रमाने सांगते, कारण आडून आडून लिहायला मी फार लवकर शिकले.

सरावाच्या नोंदी रात्रीत पुसल्या गेल्याच नाहीत. वरच्या कोपऱ्यात 'सराव' म्हणून एक बारीकसं बटण आहे, ते आधी दाबावं लागतं. कंपनीच्या बाईने ते सांगितलं असेल, मला ते निसटलं. न दाबता शिकवलं. म्हणजे त्या दिवशी टेबलाभोवती बसून सगळ्यांनी जे हसत हसत लिहिलं, ते खरोखरीचं लिहिलं गेलं. इथपर्यंत चूक होती. अडाणीपणा म्हण. इथपर्यंतचं मला कुणीही माफ केलं असतं.

तुझ्यासाठी वर्तनपत्रक काढायला बसले त्या दिवशी मला ते दिसलं. साळुंकीचं पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत लालभडक, आणि मधोमध बकरी. आधी मला हसू आलं, मनू. उठून पीटीच्या सरांना हाक मारणार होते, या हो, तुमची बकरी अजून इथेच चरतेय. खुर्ची मागेसुद्धा सरकवली होती.

पण कागदावर बकरी छापून येत नाही. छापून येतो नुसता आकडा, आणि त्याखाली एक ओळ, 'गंभीर तक्रारी अनेक, विशेष लक्ष आवश्यक.' ती ओळ मी वाचली. आणि खुर्ची पुन्हा पुढे घेतली.

मनात आलं, हे गेलं तर ती राहील.

कुणी कानात सांगितलं नाही. माझंच मन होतं ते. मी प्रिंट काढली. 'तयार करणार' याच्यापुढे सही केली. मोठ्या बाईंच्या सह्यांच्या गठ्ठ्यात मध्ये घातली. माझ्या हातचा कागद त्या वाचत नाहीत, डोळे मिटून सही करतात. एवढ्या वर्षांत तो विश्वास मी मिळवला होता, तो एका दुपारी असा वापरला. मग पाकीट चिकटवलं. हात थरथरला असेल असं तुला वाटेल. नाही थरथरला.

म्हटलं, एकदा तिकडून नाही आलं की सावकाश पुसून घेऊ. कुणाचं काय जातंय?

पण ते पान प्रत्येक शिक्षकाला दिसतं. बदली बाई नवीन, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी लाल बघितलं आणि पोरीला दाराजवळच्या एकट्या बाकावर बसवलं. मी तुला वाऱ्याचं लिहिलं. मी खोटं लिहिलं नाही असं मी स्वतःला सांगत होते. वारा खरंच येतो तिथे. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली तिला खेळायला घेईनाशा झाल्या. तिच्याशी बोललं की आपलंही पान लाल होतं, असं त्यांच्यात पसरलं. तुला 'शहाणी होतेय' असं लिहिलं त्या दिवशी ती शाळेतून घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. मी तिचा हात धरून चालत होते. रोज चालत होते.

आता कालचं. मी भांडी आवरत होते, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसली होती. म्हणाली, "आजी, बकरीची माफी कशी मागतात?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कसली बकरी?"

"मी वर्गात आणलेली."

"तू कधी आणलीस?"

"मला आठवत नाही. पण बाईंनी सगळ्याची यादी काढून दिलीय, प्रत्येकाची माफी लिहून आणायला सांगितलंय. त्यात आहे. मशीनमध्ये आहे म्हणजे आणलीच असणार ना मी?"

तिने काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते. 'मी वर्गात बकरी आणली. माझी चूक झाली. ती बकरी आता कुठे आहे मला माहीत नाही. परत आणणार नाही.'

आठ वर्षांची पोर, मनू. जे केलं नाही ते आठवायचा प्रयत्न करत बसली होती. आणि मग कागदाकडेच बघत म्हणाली, "आई म्हणूनच नेत नाहीये का मला? बकरीमुळे?"

तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच जुळवलं होतं. आणि बरोबर जुळवलं होतं, एवढंच की बकरी तिची नव्हती.

मी खाली बसले तिच्याजवळ. म्हटलं, "बकरी तू नाही आणलीस. आजीने आणली."

"तू? शाळेत?"

"हो."

"काळी की पांढरी?"

मग मी तिला सांगितलं. तिच्या वयाला जमेल तसं, पण सगळं. शेवटचंसुद्धा, की ती जाऊ नये म्हणून मी खोटा कागद पाठवला.  तिने स्वतःचा कागद घडी करून माझ्यापुढे सरकवला आणि झोपायला गेली. रोज माझ्या कुशीत झोपते. काल भिंतीकडे तोंड करून झोपली.

उद्या मोठ्या बाईंना सांगणार आहे. आधी तुला सांगायला हवं होतं म्हणून हे. टपाल निघायच्या आत टाकते, नाहीतर माझा काही भरवसा नाही.

आई


१८ ऑक्टोबर

मनू,

सोबत नवीन वर्तनपत्रक आहे. ते आधी बघ, मग हे वाच.

मोठ्या बाईंना सांगितलं. चूक झाली तिथपर्यंत त्या मान हलवत होत्या, होतं हो, होतं. पुढचं सांगितलं तेव्हा मान थांबली. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्यावर माझी सही घेतलीत तुम्ही." आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाल्या.

त्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याने नोंद टाकली त्यालाच ती काढता येते, दुसऱ्या कुणाला नाही, मलाही नाही. म्हणून सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. तेच टेबल, त्याच खुर्च्या. मी शिकवताना उभी राहायचे तिथेच उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मी सांगते, तुम्ही बसा. म्हटलं, नको, उभं राहून शिकवलं, उभं राहूनच सांगते.

  पीटीचे सर म्हणाले, "बकरी माझी आहे, मीच घेऊन जातो," आणि कुणी हसलं नाही. तेही नाही. एकेक जण उठला आणि आपापलं काढून घेऊन गेला. गणिताच्या सरांनी बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे मागे सरकून बघितलं. चित्रकलेच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी निदान चित्र बरं होतं असं लिहिलं होतं हो."

बदली बाई शेवटी थांबल्या. त्यांनी काही टाकलंच नव्हतं, त्यांना काढायचंही नव्हतं. मला म्हणाल्या, "बकरीचं मी वाचलं होतं. विचित्र वाटलं. पण लिहिलंय म्हणजे झालं असेल, असंच वाटलं." मग वर्गात गेल्या. खिडकीतून बघितलं तर दाराजवळचा तो बाक स्वतः ओढत रांगेत नेत होत्या. फरशीवर केवढा आवाज होत होता त्याचा.

एक लाल नोंद राहिली, रजेवरच्या वर्गशिक्षिकांची. शाळेचा लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. बाळ खांद्यावर, केस विसकटलेले, सगळीकडे दुपटी वाळत घातलेली. एका हाताने त्यांनी पान उघडलं. लिहिलं होतं, 'वर्गात सतत बोलते.'

"काढते हं लगेच," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "हे खरं आहे का पण?"

"हे ना? अगदी खरं आहे. फळ्याकडे वळायची सोय नाही, हिचं सुरू."

"मग राहू द्या."

पत्रकावर लाल आकडा एक दिसेल तुला, तो त्या ओळीचा. ती सरावाची नाही, तुझ्या लेकीची आहे. बाकी सगळं कोरं. तयार करणार म्हणून विज्ञानाच्या बाईंची सही आहे. मला मोठ्या बाईंनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बरोबर केलं. आता त्या विज्ञानाच्या बाई शिकवतात सगळ्यांना. पहिलं वाक्य म्हणे, "आधी वरचं बटण बघा."

तिकडच्या शाळेला मोठ्या बाईंनी स्वतः फोन केला, पत्रही टाकलं. माझं नाव घेऊन, कारण सांगून. मीच सांगितलं होतं घ्या म्हणून. सत्र सुरू होताना घेतो असं त्यांनी कळवलंय. म्हणजे शनिवारी येता येईल तुला.

बॅग भरून ठेवलीय. स्वेटर खालच्या कप्प्यात आहे. दूध गरम केलं तर साय काढून दे, नाहीतर पेला तसाच ठेवते. केस विंचरताना गोष्ट लागते, गोष्ट नसली तर कंगवा लांबूनही सहन होत नाही तिला. मी घरात नको असेन तर तसं लिही, किल्ली शेजारी ठेवते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर राहते. मला राग नाही येणार. राग यायचा अधिकार या घरात सध्या माझा नाही.

परवापासून ती पुन्हा माझ्याकडे तोंड करून झोपते. मी काही विचारलं नाही.

हे लिहितेय तर आत्ता मागे येऊन उभी राहिलीय.

"कुणाला लिहितेस?"

"तुझ्या आईला. माफी मागतेय."

"बकरीची?"

"हो, बकरीचीच."

"मग शेवटी 'परत करणार नाही' असं लिहावं लागतं. ते नसलं तर बाई कागद परत देतात. मला दोनदा दिला होता. आणि खाली आपलं नाव, आणि आई असं नाही चालत, पण तुझं चालेल, कारण आईला तू आईच आहेस. आजी, गच्चीला कठडा आहे का गं तिकडे? बकरी वर जाईल का?"

"लिहिते थांब."

ती जात नाहीये. लिहिते की नाही ते बघायला खांद्यावरून वाकून उभी आहे.

परत करणार नाही.

आई